जिवंतपणीची श्रद्धांजली

मेस्त जिवंत असताना त्याच्या बहिणीच्या घरी लोक समाचाराला आले, ते आम्ही केलेल्या गाण्यामुळे. गाणं आम्ही त्याच्या प्रेमाखातर केलं असं मी तेव्हा सगळीकडे सांगत होतो. एका स्थानिक वाहिनीच्या माणसाने मुलाखत घेतली, तिथेही तेच सांगितलं, आणि सांगताना माझा गळा खरंच दाटून आला होता. त्या दाटून आलेल्या गळ्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मेस्त हे त्याचं नाव नव्हे. चर्चमधल्या गायनमंडळाला तो शिकवायचा, आणि असं शिकवणाऱ्याला त्यांच्यात मेस्त म्हणतात. आम्हीही म्हणायला लागलो. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. तरुणपणी गोव्याच्या हॉटेलांत बेस गिटार वाजवली, मग प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये शिरला आणि बरीच वर्षं दर्यावर काढली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मालवणला परत आला आणि आई गेल्यावरही राहिला. बाजारात त्याचं रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा बँड तालमी करायचा.

बँड चौघांचा. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी कीबोर्ड वाजवायचो. आमचा गायक कुडाळच्या आतल्या बाजूच्या गावातला, काजूच्या बागायतदाराचा मुलगा, आवाज असा की मागे वळून बघावं. एक जण ऑक्टोपॅडवर. आणि मेस्त. हळदी, लग्नं, गणपती, चर्चची फेस्तं, शाळांची गॅदरिंग असं काहीही आम्ही करायचो.

रेगे मला मेस्तने शिकवलं. तो जहाजावर जमैकाच्या वादकांबरोबर राहिला होता आणि येताना खोकंभर कॅसेट घेऊन आला होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, टेप खराब आहे. जिथे ठोका पडायला हवा तिथे काहीच नाही, आणि जिथे काही नको तिथे गिटार चक् चक् करतेय. मी तसं म्हणालो तर तो खो खो हसला.

"पयलो ठोको सोडून दी," तो म्हणाला. "सगळे पयल्यार उडी मारतत. तू थांब. दुसऱ्यार हळूच हात लाव."

मला जमेना. महिनाभर जमेना. लग्नाच्या वरातीत वाढलेला हात तो, पहिल्या ठोक्यावर आपोआप आपटायचा. मेस्त एक दिवस मला दुकानाबाहेर घेऊन गेला आणि बंदरापर्यंत नुसतं चालायला लावलं. पाय पडला की गप्प, पाय उचलला की तोंडाने चक्. बाजारातले लोक बघत होते. माझा विद्यार्थी एका दुकानात उभा होता, त्याने नमस्कार केला आणि मी त्याला उत्तरादाखल चक् म्हणालो. परत येईपर्यंत हात सुटला होता.

त्याच सुमाराला त्याने मला एक लाइन वाजवून दाखवली. बेसची, आठ मात्रांची. खालून चढत यायची आणि शेवटच्या दोन मात्रांवर गप्प व्हायची. बस्स. मी विचारलं, "ही खंयच्या गाण्यातली?"

"माझी."

"पुरी कर मगे."

त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि सोल्डरिंगची बंदूक हातात घेतली.

सात-आठ वर्षं आम्ही बरं वाजवलं. मग तारकर्लीला हॉटेलं वाढली, आणि तिथल्या एका मालकाने आम्हाला दर शनिवारी बोलवायला सुरुवात केली. हे काम हातात राहणं महत्त्वाचं होतं. वर्षभरात त्या मालकाला बदल हवासा वाटायला लागला. पाहुण्यांना हिंदी गाणी हवीत, नाचायला हवीत, मंच लहान आहे, माणसं कमी आणा. ट्रॅकवर गाणं म्हटलं तर गायक आणि कीबोर्ड एवढे पुरतात, असं त्याने गायकाला सांगितलं. ऑक्टोपॅडवाला तसाही दुबईला निघाला होता. राहिला मेस्त.

आम्ही त्याला सांगायला गेलो ते त्याच्याच दुकानात. दुपारची वेळ होती. तो एका जुन्या स्पीकरचा पडदा चिकटवत होता. गायकाने सांगायचं ठरलं होतं, पण तो आत आल्यावर कपाटातल्या वायरी बघत उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मेस्त, तारकर्लेक आता दोगांचाच सांगतत. बेस मी डाव्या हातान कीबोर्डार काढतंय. चलता तसां."

तो पडदा दाबून धरलेलाच राहिला. गोंद सुकेपर्यंत सोडता येत नाही. तेवढा वेळ आम्ही तिघेही तसेच.

"मगे बरां," तो म्हणाला. "तो कोपऱ्यातलो मोठो बॉक्स घेऊन जावा. डावो हात वाजवतंस तर खालचे सूर आयकाक येवक व्हये."

आम्ही बॉक्स नेला. दोघांनी उचलून रिक्षात घातला. मी एकदाही म्हणालो नाही की राहू दे. तो बॉक्स पुढे कित्येक शनिवार तारकर्लीच्या वाळूत उभा होता आणि त्यातून माझा डावा हात ऐकू येत होता.

मेस्तला मी त्यानंतर रस्त्यात भेटायचो. बरो मां? बरो. एवढंच. मग त्याचं दुकान बंद झालं, कारण दुरुस्त करण्यासारखं काही लोक आणीनासे झाले. गायक मुंबईला गेला, तिथे दोन-तीन मालिकांची शीर्षकगीतं गायला, बऱ्यापैकी ओळखीचा झाला. माझं वाजवणं शाळेच्या प्रार्थनेपुरतं उरलं. आणि एके दिवशी कळलं की मेस्तला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, लग्न केलेलं नसल्यामुळे बहीण त्याला शिरोड्याला आपल्या घरी घेऊन गेली. बहीण विधवा, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तिचा नंबर मी एकाकडून मिळवला. "काळजी घ्या, लवकर बरे होतील" असा मेसेज पाठवला. मालवणहून शिरोडा म्हणजे दोन तासांचा रस्ता. चार वर्षांत मी गेलो नाही.

एका उन्हाळ्यात मुंबईहून गायकाचा फोन आला. त्याच्या डोक्यात मालवणीतून एक गाणं करायचं होतं, आणि ते रेगेच्या ढंगाचं, कारण तसं आपल्याकडे कोणी केलेलं नाही. "आणि विषय कोण, तर मेस्त," तो म्हणाला. "आपल्याला हे सगळं ऐकवलं कोणी? त्यानेच ना? एक ट्रिब्यूट करू या. आहे ना तो?"

"आसा. शिरोड्याक, भैनीकडे."

"मग झालं. चाल तू कर. तुझ्याइतकं ते कुणाला येतंय इथे?"

इतक्या वर्षांनी कोणी मला चाल कर म्हणालं होतं. मी त्या संध्याकाळी कीबोर्ड काढला, धूळ पुसली आणि बोटं ठेवली तर पहिल्यांदा आली ती मेस्तची आठ मात्रांची लाइन. शेवटी ती गप्प व्हायची तिथे मी दोन सूर घातले आणि ती गोल फिरायला लागली. अर्ध्या तासात गाणं उभं राहिलं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून गायकाला पाठवलं. त्याने विचारलं, "ही बेसलाइन तुझी?" मी हो लिहिलं.

शब्द गायकाने लिहिले. "मेस्त माझो मित्र गेलो दर्यापार, ठोको रवलो हय, तो पल्याड" असं ध्रुवपद. मला वाटलं, दर्यापार म्हणजे जहाजावरची त्याची वर्षं. निदान मी स्वतःला तसं समजावलं. मग व्हिडिओची पहिली आवृत्ती पाठवली त्याने. तारकर्लीच्या किनाऱ्यावर चित्रित केलेला. मेस्तच्या जागी एक तरुण मॉडेल, डोक्यावर जटांचा टोप, हातात बेस गिटार, तीही उलटी धरलेली. मेस्तचे केस आयुष्यभर बारीक कापलेले आणि खोबरेल तेलाने चोपलेले असायचे. आणि शेवटी वाळूत एक रिकामी खुर्ची, खुर्चीवर टोपी, समोर पेटलेली मेणबत्ती.

"मेणबत्ती कशाला?" मी फोन करून विचारलं.

"फील येतो रे."

"लोकांना वाटेल तो..."

"काय वाटेल? तू जास्त विचार करतोस. चित्रकलेचे सर ना तू."

मी हसलो. व्हिडिओच्या पहिल्या पाटीवर "संगीत" या शब्दापुढे माझं नाव होतं, मोठ्या अक्षरात. ते मी तीनदा थांबवून बघितलं. मेणबत्तीबद्दल पुन्हा बोललो नाही.

गाणं चाललं. म्हणजे खरंच चाललं. वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींवर वाजायला लागलं, हळदींमध्ये वाजलं, शाळेतली पोरं माझ्याकडे बघून चक् चक् करायला लागली. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आणि तिसऱ्या आठवड्यात दुपारी मधल्या सुट्टीत मेस्तच्या बहिणीचा फोन आला.

"रे, माझो भाव जितो आसा ता तुका म्हायत आसा मां?"

मी म्हणालो, "हय."

"मगे लोकांका सांग. सकाळपासून तीन घरची माणसां येवन गेली. एक बाई फुलांचो हार घेवन इली. तो पडवीत खुर्चेर बसलेलो. तिका काय करूचा ता कळाक नाय, हार तिणा माझ्याच हातात दिलो. आता ह्यो हार मी खंय घालू?"

मी काहीतरी बोललो. गैरसमज, सोशल मीडिया, मी पोस्ट टाकतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तो तुका बोलावता."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी निघालो आणि वेंगुर्ल्यावरून शिरोड्याला पोचलो. माडांच्या आत घर होतं, पडवी शेणाने नाही तर लाल कोब्याने केलेली, झाडलेली. मेस्त प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. अर्धा झाला होता. डावा हात मांडीवर ठेवलेला, जसा कोणी दुसऱ्याने ठेवावा तसा. बोलणं सावकाश, पण स्पष्ट.

"आयकव," तो म्हणाला.

मी फोनवर गाणं लावलं. दुरुस्तीला आलेला रेडिओ बघायचा तसा तो फोनकडे बघत राहिला. मेणबत्तीही बघितली. संपल्यावर म्हणाला, "परत." मी परत लावलं.

"बेस कोणी वाजयलो?"

"कॉम्प्युटरान."

"तरीच. मधी कायच श्वास नाय." मग, "लाइन माझी मगे."

"हय."

"शेवटचे दोन सूर तू घातलंस?"

"ती पुरी नव्हती, मेस्त. म्हणान..."

"पुरी होती," तो म्हणाला. "थंय गप रवाचा होता. ताच तर होता तिच्यात."

बहीण आतून चहा घेऊन आली. मी कप घेतला आणि माफी मागायला सुरुवात केली. लाइनबद्दल, नावाबद्दल, मी सगळं दुरुस्त करतो वगैरे. त्याने उजवा हात वर केला.

"रवांदे. लाइन तुझी म्हणान सांगलंस, सांग. मेणबत्ती लावलंस, लाव. माका आता कायच नको तातूर. फकत एक कर. तो 'मित्र' शब्द काढ."

मी कप खाली ठेवला.

"चार वर्सां मी हय बसलंय," तो म्हणाला. "कोण येता, कोण नाय येता, सगळां दिसता हयसून. लोक गाण्यात खोटां घालतत, माका म्हायत आसा. मी पण वाजयलंय तसली गाणी. पण इतक्या खोटा नको रे."

रागावून बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तो रागावलेला नव्हता. गाण्यातली चूक दाखवताना बोलायचा तसंच बोलला. मी "काढतंय" म्हणालो आणि चहा न पिता उठलो.

गायकाला त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी फोन केला. धीर यायला तेवढा वेळ लागला. तो म्हणाला, "अरे, ती हुकलाइन आहे. त्या शब्दावर तर पब्लिक हात वर करतं." मी म्हणालो, त्याचीच इच्छा आहे. त्यावर त्याचा आवाज एकदम उजळला. "मग असं करू. मी येतो. त्याला शाल घालतो, पाया पडतो, त्याच्या हातात गिटार देतो. मेस्त जिवंत आहे म्हणून व्हिडिओ टाकू. लोकांचा गैरसमजही जाईल. पत्ता दे."

मी पत्ता दिला. गैरसमज जाईल, हे कारण मला पुरेसं वाटलं. कारण मिळालं की मला नेहमीच पुरेसं वाटतं.

गायक आणि त्याचा कॅमेरावाला पुढच्या रविवारी सकाळी गेले. मीही यावं असं गायक म्हणत होता. मी शाळेचं काम आहे असं सांगितलं. शाळेचं काही काम नव्हतं. मी घरी बसून बाजारातून आणलेले बांगडे साफ करत होतो.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी कोणी बघितला असेल. मेस्तच्या खांद्यावर शाल आहे, मांडीवर बेस गिटार. गायक गुडघ्यांवर बसून त्याचा डावा हात उचलतो आणि एकेक बोट गिटारच्या तारांवर नेऊन ठेवतो. बोटं सरकतात, तो पुन्हा ठेवतो. मागे आमचं गाणं. मेस्त मान हलवतोय, ओठ थरथरतायत, डोळ्यांत पाणी. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली आहेत. शाळेतल्या एका बाईंनी मला फोन करून सांगितलं की त्या दोनदा रडल्या.

बहीण तेव्हा चर्चला गेली होती. शेजारची म्हातारी तेवढी कुंपणाशी उभी होती. तिने नंतर सांगितलं ते बहिणीने मला फोनवर सांगितलं. मेस्त मान हलवून म्हणत होता की माका भायर जावचा आसा, माका उठवा. कॅमेरावाला म्हणत होता, एकच मिनिट अंकल, फार छान येतंय. बहीण प्रार्थनेवरून परत आली तेव्हा ते निघून गेले होते. शाल खांद्यावर तशीच होती, आणि तो ओल्या कपड्यांत बसला होता.

"पत्तो तू दिलंस?" तिने विचारलं.

"हय."

तिने फोन ठेवला.

मी गायकाला फोन केला आणि पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. तो व्हिडिओ काढ म्हणालो. तो म्हणाला, आता काढला तर लोक विचारतील का काढला, मग काय सांगू? तू सांगशील? मी नाही म्हणालो. मग राहू दे, तो म्हणाला. आणि राहिला.

मेस्त त्यानंतर पाच महिन्यांनी गेला, पावसाळा संपता संपता, झोपेत. बातमी पुन्हा सगळ्यांच्या फोनवर फिरली, तेच गाणं जोडून. एकाने खाली लिहिलं होतं, "हे तर मागेच गेले होते ना?" त्यावर दुसऱ्याने हसण्याचं चित्र टाकलं होतं. मी ते बराच वेळ बघत बसलो आणि मग फोन बंद करून ठेवला.

मातीला मी गेलो. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. गायक कार्यक्रमासाठी परदेशात होता. गायनमंडळातल्या बायका गायल्या, मेस्तनेच कधीतरी शिकवलेलं असणार, चार आवाज वेगवेगळे आणि मध्ये मोठ्या मोकळ्या जागा. एका तरुणाने दारात मला ओळखलं आणि हळूच विचारलं, सर, ते गाणं स्पीकरवर लावायचं का? मी नको म्हणालो. तेवढं एक जमलं.

महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली त्याच्यासाठीची प्रार्थना, झाल्यानंतरच्या आठवड्यात मी बहिणीला भेटायला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होतो. गाण्यावरचं माझं नाव काढून त्याचं घालायला मी गायकाला लेखी कळवलं होतं, त्याची प्रत खिशात होती. उत्तर आलेलं नव्हतं, आजही नाही. तरी मला वाटत होतं, ते ऐकून ती काहीतरी बोलेल. रागावेल तरी.

ती पडवीत उभी होती. सुपारी सोलायचं काम चाललेलं. मला बघून तिने हात पदराला पुसले आणि खुर्ची पुढे केली.

"या," ती म्हणाली. "बसा. आपण चहा घेणार का?"

आजवर ती माझ्याशी आपल्या बोलीतून, अरे-तुरे करून बोलली होती. फोनवर शेवटचं बोलली तेही. आता ती तहसील कार्यालयात साहेबाशी बोलावं तशा शुद्ध, धुतलेल्या मराठीत बोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग वगैरे काहीच नव्हतं. मी खिशातला कागद काढून दिला. तिने तो उभ्यानेच पूर्ण वाचला, शिक्षिकेच्या सवयीने एका ठिकाणी बोट ठेवून थांबली, मग घडी घालून परत दिला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आपण एवढ्या लांबून आलात."

मी म्हणालो, "माका माफ कर, बाय."

ती म्हणाली, "साखर किती घालू?"